ती हसली तेव्हा ती काय सांगत होती?

पत्र

ताई, मी मूळचा चिंचवडचा. गेले सात महिने थायलंडमध्ये रयोंगच्या औद्योगिक वसाहतीत, गाड्यांचे सुटे भाग बनवणाऱ्या एका कारखान्यात क्वालिटी मॅनेजर आहे. दोन महिन्यांपूर्वी गिऱ्हाइकाकडून एक लॉट परत आला. सकाळच्या मीटिंगमध्ये मी खराब पार्टचा फोटो पडद्यावर लावला आणि लाइन लीडर बाईंना अकरा जणांसमोर विचारलं, हे तुमच्या हातून सुटलं कसं? बाई पन्नाशीच्या आहेत, सोळा वर्षं याच कारखान्यात आहेत. त्या हसल्या. माझं डोकं फिरलं. ‘यात हसण्यासारखं काय आहे?’ असं मी आवाज चढवून म्हणालो. त्या नुसत्या ‘खा, खा’, म्हणजे थाईत ‘हो जी, हो जी’, म्हणत राहिल्या. दुसऱ्या दिवशी त्या रजेवर. आल्या तेव्हापासून अख्खी लाइन बदलली. काहीही सांगा, बायका ‘खा’ आणि पुरुष ‘ख्रप’ म्हणतात, पण काम होत नाही. अडचण कोणी सांगत नाही. दुपारी जेवायला हाक मारायचे, तेही बंद. मी बाईंना केबिनमध्ये बोलावून सॉरी म्हणालो, तर हसून ‘माइ पेन राइ’ म्हणाल्या. म्हणजे काही हरकत नाही. पण बदललं काहीच नाही. नंतर कळलं की तपासणीचा नवा तक्ता मी इंग्रजीत पाठवला होता आणि त्याचं थाई कोणी केलंच नव्हतं, पण तो मुद्दा वेगळा. पुण्यात आम्ही शॉपवर कडाकडा भांडतो आणि पाच मिनिटांनी टपरीवर एकत्र चहा पितो. इथे गेटवरचा वॉचमन रोज सकाळी ‘कुठे चाललात’ म्हणून टोकतो, कँटीनवाली तोंडावर ‘जाड झालात’ म्हणते, आणि ज्यावर बोलायला हवं त्यावर सगळे गप्प. ही माणसं आतून एक आणि बाहेरून एक आहेत का? की माझंच काही चुकतंय?

– एक मराठी इंजिनियर, रयोंग

उत्तर

नमस्कार,

तुमचं पत्र तीनदा वाचलं आणि तिन्ही वेळा एकाच ओळीवर अडले. तक्ता इंग्रजीत गेला होता, ‘पण तो मुद्दा वेगळा’ असं लिहून तुम्ही पुढे गेलात. माझ्या मते सगळा मुद्दा तिथेच आहे.

ती सकाळ त्या बाईंच्या जागी उभं राहून बघा. पडद्यावर फोटो आहे, अकरा माणसं बघताहेत. त्यातली बरीचशी त्यांच्या हाताखाली शिकून तयार झालेली असणार. साहेब विचारताहेत, हे सुटलं कसं. तक्ता रोज त्यांच्याच हातात होता, तेव्हा तो वाचता येत नव्हता हे त्यांच्याइतकं कोणाला माहीत असणार? खरं उत्तर द्यायचं तर त्यांना म्हणावं लागलं असतं, ‘साहेब, तुम्ही पाठवलेला कागद आम्हाला कळला नाही.’ म्हणजे अकरा जणांसमोर तुमची चूक तुमच्या पदरात घालावी लागली असती. त्यांनी ते केलं नाही. त्या हसल्या, ‘खा’ म्हणाल्या आणि सगळं स्वतःवर घेतलं. त्या दिवशी त्या खोलीत एकच माणूस दुसऱ्याची लाज राखत होतं, आणि लाज राखली गेली ती तुमची. मग तुम्ही त्यांना विचारलंत, हसता काय म्हणून.

हे मी कठोरपणे लिहिते आहे असं वाटेल. पण तुम्ही ‘माझंच काही चुकतंय का’ असं मनापासून विचारलं आहे, म्हणून लिहिते.

थाई हसण्याला एक नाव नाही, पुष्कळ नावं आहेत. ‘यिम’ म्हणजे स्मित. त्यात ‘यिम हँग’ असतं, शब्दशः कोरडं हसू, अवघडलेल्या माणसाचं. ‘यिम सू’ असतं, म्हणजे संकट समोर असताना तोंड पडू न देता केलेलं. तुम्ही पाहिलंत ते यातलंच कुठलं तरी. आपल्याकडेही भर वर्गात मास्तरांनी उभं केलं की एखादं पोर हसतं आणि त्या हसण्यासाठी आणखी एक छडी खातं. ते पोर उर्मट नसतं. लाजेनं त्याचं तोंड दुसरं काही करू शकत नसतं. मोठेपणी आपल्यातलं ते हसू जातं, आपण चिडायला शिकतो. थाई माणसाला लहानपणापासून शिकवलेलं असतं ते उलट. ‘जाइ येन’, थंड काळजाचा, ही तिथे माणसाची मोठी तारीफ आहे, आणि ‘जाइ रॉन’, तापट, हा दोष. आवाज चढवणाऱ्या माणसाबद्दल ‘खमक्या आहे’ असं तिथे कोणी म्हणत नाही. त्याला स्वतःला सांभाळता येत नाही, एवढंच लोकांना दिसतं.

आता ‘क्रेंग-जाइ’. हा शब्द तुमच्या कानावरून नक्की गेला असेल. याची भाषांतरं लोक पानपानभर करतात, पण आपल्या मराठीत त्याला अगदी जवळचा शब्द आहे, भीड. ‘क्रेंग’ म्हणजे दबणं, वचकणं, आणि ‘जाइ’ म्हणजे मन. समोरच्याच्या मनाला माझ्यामुळे त्रास होऊ नये म्हणून मी मागे सरते, ती भीड. पाहुण्याकडे चहात साखर कमी पडली तरी आपण मागत नाही. थोरल्या जावेनं चुकीचा हिशेब सांगितला तरी चारचौघांत दुरुस्त करत नाही. हे सगळं आपल्याला घरात कळतं. फरक पडतो तो पुढे. आपल्या भाषेनं भिडेला कधी मोठं केलं नाही. ‘भीड भिकेची बहीण’ असं आपण म्हणतो, भिडस्त माणसाची कीव करतो आणि तोंडावर बोलणाऱ्याचं कौतुक करतो. ‘पोटात एक आणि ओठात एक’ ही आपल्याकडे शिवी आहे. थाई माणसाकडे तीच भीड माणसाच्या संस्काराची खूण आहे. जिला क्रेंग-जाइ नाही ती व्यक्ती अडाणी, दुसऱ्याचा विचार न करणारी.

तेव्हा ‘ही माणसं खोटी आहेत का’ याला माझं उत्तर स्पष्ट नाही असं आहे. ती तुमच्याशी सतत बोलत होती. रजा घेतली हे बोलणं होतं. जेवायला हाक मारणं बंद केलं हे तर फार मोठ्यानं बोलणं होतं.

थायलंडच्या राष्ट्रीय विकास प्रशासन संस्थेतल्या संशोधक सुनतरी कोमिन यांनी थाई माणसं कशाला किती मोल देतात याचा मोठा अभ्यास केला आणि १९९० च्या सुमारास नऊ मूल्यगटांची एक क्रमवारी मांडली. त्यात सर्वांत वर आला स्वतःचा मान. वरून मऊ दिसणारी ही माणसं आतल्या मानाला धक्का लागला की फार दुखावतात, आणि त्याच्या लगोलग उपकाराची जाण आणि एकमेकांशी गोडीनं राहणं या गोष्टी येतात. हे तिन्ही एकत्र धरलं की तुमची मीटिंग कळते. मान गेला, पण गोडी मोडायची नाही, म्हणून माणूस गप्प होतं. या मान जाण्याला ते ‘सिया-ना’ म्हणतात, चेहरा हरवणं. आपण म्हणतो चारचौघांत तोंड दाखवायला जागा राहिली नाही, तेच.

एक माझं सांगते. मी बँकॉकला नऊ वर्षं काढली. पहिल्याच वर्षी घरकामाला एक ईसानकडची, म्हणजे ईशान्य थायलंडमधली, बाई होती, माझ्याहून थोरली. एकदा इस्त्री करताना माझ्या आईची इरकली साडी तिच्या हातून जळली. तिची भाची तिच्याबरोबर आली होती, तिच्यासमोर मी तिला बोलले. फार काही नाही, आपल्याकडे बोलतो तेवढंच. ती हसली आणि ‘खा’ म्हणाली. भांडी घासली, ओटा पुसला, फडकं पिळून दांडीवर सरळ वाळत घातलं आणि गेली. दुसऱ्या दिवशी दार उघडलं तर कडीला प्लास्टिकची पिशवी लटकत होती. आत रामबुतानचा घोस, अजून पानं हिरवी असलेला, आणि तळाशी माझ्या घराची किल्ली. महिन्याचे बारा दिवसांचे पैसे तिचे माझ्याकडे होते, ते न्यायलाही ती आली नाही. मी तिच्या खोलीवर जाऊन आले, तर ती गावी गेली होती. ते पैसे माझ्याकडेच राहिले, आणि ते मला आजही टोचतं. फळं कशासाठी ठेवली हे मला कित्येक महिने कळलं नाही. माझ्या एका थाई शेजारणीनं सांगितलं, ‘तू वाईट वाटून घेऊ नयेस म्हणून.’

तुमच्या लाइन लीडर बाई दुसऱ्या दिवशी रजेवर गेल्या आणि परत आल्या. त्या अजून येताहेत. मला मिळाली नाही ती संधी तुम्हाला आहे.

केबिनमध्ये बोलावून सॉरी म्हणालात ते का लागू पडलं नाही, ते आधी सांगते. मान गेला अकरा जणांसमोर आणि परत केलात बंद दाराआड. शिवाय साहेबानं केबिनमध्ये बोलावलं म्हणजे पुन्हा काहीतरी झालं, हे लाइनवरच्या प्रत्येकानं पाहिलं. त्यावर ‘माइ पेन राइ’ याखेरीज त्या काय म्हणणार? साहेब माफी मागतोय आणि आपण ‘नाही, मला लागलंय’ म्हणायचं, ही त्यांच्या दृष्टीनं दुसरी आपत्ती. ‘माइ पेन राइ’ कधी खरंच हरकत नसल्याचं असतं, कधी ‘आता हा विषय पुरे’ असं असतं. तुमच्या वाट्याला आलं ते दुसरं.

पण उद्या सगळ्यांना गोळा करून त्यांचं नाव घेऊन माफीचं भाषण देऊ नका. पुन्हा अकरा जोडी डोळे त्यांच्याकडे वळतील. त्याऐवजी सकाळच्या मीटिंगमध्ये थाईत केलेला तक्ता सगळ्यांच्या हातात द्या आणि दोन वाक्यं बोला: आधीचा कागद मी इंग्रजीत पाठवला होता, ती माझी चूक होती, लॉट त्यामुळे परत आला. बाईंकडे बघू नका, थांबू नका, पुढच्या विषयाला जा. खोलीतल्या प्रत्येकाला कळेल तुम्ही काय केलंत. आणि हे खरं आहे, म्हणून ते लागेल. तक्ता थाईत करून घेताना तो त्या बाईंनाच दाखवा. शब्द बरोबर आहेत का, लाइनवर काय म्हणतात, असं विचारा. सोळा वर्षांचा अनुभव आहे त्यांचा, आणि तुम्हाला त्याची खरोखर गरज आहे.

थाईत ‘माफ करा’ला ‘खॉ-थोत’ म्हणतात. यातला ‘थोत’ म्हणजे आपला ‘दोष’, संस्कृतातून तिकडे गेलेला, आणि ‘खॉ’ म्हणजे मागणं. दोष मागून घेणं. हा शब्द कळल्यापासून मला तो ‘सॉरी’पेक्षा फार जड वाटतो. मीटिंगमधल्या त्या दोन वाक्यांत तुम्हाला नेमकं तेच करायचं आहे.

याआधी एका मधल्या माणसाशी बोला. कारखान्यात कोणीतरी वयानं आणि मानानं मोठा थाई माणूस असेल, स्टोअरमध्ये, एचआरमध्ये, कुठेही. त्याला सांगा की माझ्याकडून चुकलं, मला वाईट वाटतंय, काय करू? तो फारसं बोलणार नाही कदाचित. पण तुमचं वाईट वाटणं योग्य त्या कानापर्यंत जाईल, आणि बाईंना त्यावर तोंडानं उत्तर द्यावं लागणार नाही. आपल्याकडे भावकीत अबोला झाला की मामा मध्ये पडतात, तसंच.

आणखी एक गोष्ट मला पत्रात दिसली नाही. त्या तुमच्याहून बऱ्याच मोठ्या आहेत. तिथे थोरल्या भावंडाला ‘फी’ म्हणतात, धाकट्याला ‘नॉंग’, आणि हे घराबाहेरही चालतं, दुकानात, ऑफिसात, लाइनवर. तुम्ही पदानं वर आहात पण वयानं नॉंग आहात. पुण्यातल्या शॉपवरसुद्धा जुन्या फिटरला तुम्ही ‘मामा’ म्हणत असाल, ‘अहो, जरा इकडे’ म्हणत नसाल. त्यांना ‘फी’ लावून टोपणनावानं हाक मारा. आडनाव वापरत असाल तर सोडून द्या. थायलंडमध्ये आडनावं आली तीच १९१३ च्या कायद्यानं, आणि आजही रोजच्या बोलण्यात ती कोणी वापरत नाही. प्रत्येकाचं घरी ठेवलेलं एक छोटं टोपणनाव असतं आणि कामावरही तेच चालतं.

आता ‘खा’ म्हणतात पण काम होत नाही याबद्दल. ‘खा’ आणि पुरुषांचा ‘ख्रप’ म्हणजे ‘हो, करते’ नव्हे. तो आधी ‘ऐकते आहे’ आहे, आपल्या ‘जी’सारखा. आणि ‘खाव-जाइ माइ?’, कळलं का, हा प्रश्न तर विचारूच नका. ‘कळलं नाही’ म्हणणं म्हणजे तुम्ही नीट सांगितलं नाहीत असं तुम्हाला सुनावणं, ते कोण करील? ‘काही अडचण?’ हाही तसाच वांझ प्रश्न. त्याऐवजी म्हणा, पहिला पार्ट मला करून दाखवा. आधी कुठलं काम घेणार, कुठलं मागे ठेवणार? दोन गेज पुरतील की तीन लागतील? ज्याला ‘खा’ हे उत्तर बसतच नाही असे प्रश्न विचारा. आणि उत्तरं एकट्या माणसाकडून घ्या, मशीनपाशी उभं राहून, किंवा ‘लाइन’ ॲपवर मेसेज करून, पण ग्रुपवर नाही. तिथे सगळा देश लाइन हे ॲप वापरतो, तुम्ही अजून व्हॉट्सॲपवरच असाल तर तेही बदला.

भीड म्हणजे सोनं असं मी म्हणणार नाही. क्वालिटीच्या कामात तिची फार मोठी किंमत मोजावी लागते. खराब पार्ट दिसला आणि वरिष्ठाला सांगायचा संकोच वाटला तर तो पार्ट कोणाच्या तरी गाडीत जाऊन बसतो. तरुण थाई मंडळीही यावर कुरकुर करतात. त्यामुळे दोष दाखवणं सोडून द्या असं मी सांगत नाही. फोटो पडद्यावर लावा, पण त्याच्याखाली माणूस उभा करू नका. पार्टबद्दल बोला, मशीनबद्दल बोला, तक्त्याबद्दल बोला. आणि पहिल्यांदा कोणी आपणहून येऊन ‘इथे गडबड आहे’ म्हणेल तेव्हा तुमच्या चेहऱ्यावर काय उमटतं, ते सगळी लाइन बघत असेल. त्या क्षणी कपाळाला आठी पडली तर पुढचं वर्ष गेलं असं समजा.

जेवणाचं थोडं वेगळं आहे. तुम्ही शाकाहारी आहात का हे लिहिलेलं नाही. असाल तर हाक न मारण्यामागे निम्मी भीडच असू शकते, यांना काय वाढायचं म्हणून. ‘मांगसविरत’ म्हणा, आपलाच ‘मांसविरती’ आहे तो. आणि हाकेची वाट न बघता स्वतः डबा घेऊन त्यांच्या टेबलाशी जाऊन बसा. सुट्टीवरून परत येताना सगळ्या लाइनला पुरेल इतकी भाकरवडी आणा. गावाहून येताना सोबत्यांसाठी काही आणण्याला ते ‘खॉंग फाक’ म्हणतात, आणि न आणलेलं त्यांच्या बरोब्बर लक्षात राहतं. बाईंना वेगळा पुडा देऊ नका, सगळ्यांबरोबरच द्या.

राहिली कँटीनवाली आणि वॉचमन. ‘जाड झालात’ हे ऐकून तुम्हाला लागलं, पण आपली कुठलीही मावशी सुट्टीत घरी गेल्यावर दारातच ‘किती वाळलास रे’ म्हणते. माझ्याकडे तिचं लक्ष आहे, एवढाच त्याचा अर्थ. वॉचमनचं ‘पाइ नाइ?’, कुठे चाललात, तुम्हाला का टोचतं हे मात्र मला समजतं. आपण निघताना कोणी ‘कुठे’ विचारलं तर काम होत नाही या समजुतीत वाढलो, त्यामुळे ते टोकल्यासारखंच वाटतं. तो टोकत नाही. ‘सवत्दी’ हे अभिवादन, आपल्या ‘स्वस्ति’वरून घडवलेलं, सरकारनं रूढ केलं ते १९४३ मध्ये. त्याच्याआधीपासून माणसं एकमेकांना कुठे निघालात आणि जेवलात का हेच विचारत आली आहेत, आणि अजूनही विचारतात. त्याला पत्ता नको असतो. ‘पाइ थम-ङान’, कामाला चाललोय, एवढं म्हटलं की झालं.

सबंध पत्रात तुम्ही त्या बाईंना ‘लाइन लीडर’ म्हटलं आहे. त्यांचं टोपणनाव सात महिन्यांत कळलं नसेल तर उद्या सकाळी वॉचमनला आधी उत्तर द्या, आणि मग त्यालाच विचारा. सोळा वर्षं त्या त्याच गेटातून येताहेत, त्याला नक्की माहीत असेल.

– तुमची ताई